वरिष्ठ गटाच्या खाली

एखाद्या खेळाची प्रकृती कशी आहे हे ठरविताना त्याच्या अंतिम सामन्यास किती गर्दी लोटते, विजयचषक कोणाच्या हस्ते दिला जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत विजेत्यांचे छायाचित्र किती स्तंभांचे येते, एवढ्याच गोष्टी पाहण्याची आपल्याकडे रूढी पडून गेली आहे. परंतु ज्यांच्या सामन्यांना प्रेक्षक मोजके, ज्यांच्या नावाची छापील ओळ बहुधा शेवटची आणि ज्यांचा खर्च चार हौशी माणसांच्या खिशातून निघतो, अशा दुय्यम श्रेणीतील संघांना वर्षाकाठी सामने किती मिळतात, वर चढण्याची वाट त्यांना मोकळी आहे की नाही, आणि वरच्यांना खाली उतरण्याचे भय आहे की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याने मिळविली त्यास त्या खेळाचे खरे बलाबल अधिक नेमकेपणाने कळते, असे मला वाटते.

हा प्रश्न कोल्हापुरात बसून विचारण्यास एक प्रयोजन आहे. मुंबई आणि पुणे यांच्याप्रमाणेच श्रेणीबद्ध साखळी फुटबॉलची परंपरा या शहराने जोपासली आहे. त्याच शहरात बास्केटबॉलसारखा खेळ शाळा-महाविद्यालयांच्या अंगणात रुजूनही त्यास अशी शिडी लाभली नाही. एकाच गावात एका खेळास खालची पायरी आहे आणि दुसऱ्यास नाही, या भेदाचे परिणाम आपल्या डोळ्यांदेखत घडत असताना, इतर देशांनी आणि इतर प्रांतांनी या प्रश्नाचा निकाल कसा लावला, याचा आढावा घेणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम साखळी पद्धती आणि बाद पद्धती यांतील अंतर ध्यानी घेतले पाहिजे. आपल्याकडील शालेय क्रीडास्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा टप्प्यांनी चालतात. महाविद्यालयीन स्पर्धा विभागीय आणि आंतरविभागीय अशा क्रमाने होऊन अखेर विद्यापीठाचा संघ निवडला जातो. या दोन्ही व्यवस्थांचा हेतू निवडीचा आहे आणि निवडीपुरत्या त्या सोयीस्करही आहेत. तथापि त्यांचा एक अपरिहार्य परिणाम असा होतो की, जो संघ दुर्बल, ज्यास अनुभवाची गरज सर्वांत अधिक, तोच सर्वांत कमी खेळतो. पहिल्याच दिवशी हरलेल्या गावाकडच्या शाळेची मुले दुपारच्या एस.टी.ने परत जातात आणि त्यांचा त्या वर्षीचा हंगाम चाळीस मिनिटांत संपतो. साखळीत तळाचा संघ विजेत्याइतकेच सामने खेळतो. हरत हरत का होईना, पण खेळतो. दहा सामने हरलेल्या संघास अकरावा जिंकता येतो, एका सामन्यात बाद झालेल्यास ती संधी लाभत नाही.

साखळीची कल्पना इंग्लंडात 1888 साली बारा फुटबॉल संघांनी मूर्त स्वरूपात आणली, त्यामागे विल्यम मॅक्ग्रेगर नावाच्या एका कापड-दुकानदाराची खटपट होती. चार वर्षांनी, 1892 मध्ये, प्रतिस्पर्धी संघटनेतील क्लब सामावून घेण्याच्या निमित्ताने तिला दुसरी श्रेणी जोडली गेली. आरंभी वरच्या श्रेणीतील तळाचे आणि खालच्या श्रेणीतील अग्रभागीचे संघ यांच्यात कसोटीचे सामने होत आणि त्यांवरून चढउतार ठरे. परंतु 1898 साली स्टोक आणि बर्नली यांचा सामना असा आला की, बरोबरी झाल्यास दोघांचीही सोय व्हावी, आणि झालेही तसेच. एकही गोल न होता तो सामना संपला, लोकांत कुजबूज झाली आणि ती पद्धतच रद्द होऊन गुणतक्त्यातील स्थानावरून आपोआप चढउतार करण्याचा नियम आला. चढउताराचा नियम न्यायबुद्धीच्या मनुष्यांनी शांतपणे बसून रचला, असे कोणी मानीत असल्यास त्याने हा प्रसंग आठवावा. तो नियम संशयातून जन्मला आणि संशयास जागा उरू नये म्हणून टिकला.

अटलांटिक महासागरापलीकडे मात्र निराळीच रीत पडली. अमेरिकेत 1876 पासून बेसबॉलच्या राष्ट्रीय साखळीने सभासदत्व हा एक प्रकारचा मक्ता मानला, आणि पुढे 1946 साली उदयास आलेल्या व्यावसायिक बास्केटबॉलनेही तोच कित्ता गिरविला. तेथे संघ हा मालकाचा. तो तळाला राहिला तरी त्याचे स्थान अबाधित असते, उलट पुढील वर्षी होतकरू खेळाडू निवडण्यात त्यास अग्रक्रम मिळतो. पैसा गुंतविणाऱ्यास या पद्धतीत निश्चिंती आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु लहानशा गावातील क्लब कितीही पराक्रमी झाला तरी त्या वर्तुळाच्या आत त्यास प्रवेश नाही, हेही तितकेच खरे. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे डिसेंबर 1891 मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी जन्मास घातलेला बास्केटबॉल अशा रीतीने मायदेशी बंदिस्त साखळीत वाढला, आणि युरोपात गेल्यावर मात्र तेथील फुटबॉलच्या वळणावर जाऊन त्याने चढउताराचा नियम स्वीकारला.

या युरोपीय वळणाचे सर्वांत उद्बोधक उदाहरण आइसलँडचे आहे. त्या देशाची एकंदर लोकसंख्या चार लाखांच्या आत. 2011 च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख भरली होती, म्हणजे आपल्या एका महानगरपालिकेहून लहान असा हा देश आहे. हिवाळ्यात तेथे चार-पाच तासांचाच दिवस असतो आणि मैदाने महिनोन् महिने बर्फाखाली असतात, त्यामुळे छताखाली खेळावयाच्या खेळांकडे लोकांचा ओढा सहज वळला. केफ्लाविकच्या विमानतळावर अमेरिकन लष्कराचा तळ होता, त्या परिसरात बास्केटबॉल जोमाने वाढला, आणि 1951-52 च्या हंगामात राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू झाली. 1961 मध्ये त्या खेळाची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आज तेथील पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीत बारा संघ खेळतात. तळाचे दोन खाली जातात, खालच्या श्रेणीचा विजेता थेट वर येतो आणि दुसऱ्या जागेसाठी त्याच्या मागोमागच्या संघांत निर्णायक सामने होतात.

या व्यवस्थेने काय साधले, हे पाहण्यास 2023 हे एकच वर्ष पुरेसे आहे. देशाच्या उत्तरेस सॉयदारक्रोकुर नावाचे अडीच-तीन हजार वस्तीचे एक बंदर आहे. तेथील तिंदास्तोल या क्लबाने त्या वर्षी इतिहासात प्रथमच राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. हा क्लब विसाव्या शतकाच्या आरंभी त्या गावचे तरुण मंडळ म्हणून निघालेला, आणि 2013-14 च्या हंगामात तर तो दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. तेथून वर येऊन पुढच्याच वर्षी त्याने अंतिम फेरी गाठली आणि नऊ वर्षांनी चषक उचलला. उलटपक्षी राजधानी रेक्याविकमधील, 1899 साली स्थापन झालेला के. आर. हा क्लब, ज्याने 2014 पासून 2019 पर्यंत ओळीने सहा वेळा अजिंक्यपद भोगले होते, तोच त्या 2023 साली तळाला जाऊन दुसऱ्या श्रेणीत उतरला. त्याच्या पूर्वपुण्याईचा दाखला कोणी विचारात घेतला नाही, त्याच्यासाठी नियमास मुरड घातली नाही. तो एक वर्ष लहान गावांच्या व्यायामशाळांतून खेळला, ती श्रेणी जिंकली आणि परत वर आला. क्लब बुडाला नाही, खेळाडू देशोधडीस लागले नाहीत, आणि ज्या गावांना त्याचे दर्शन एरवी दूरदर्शनवरच घडावयाचे त्यांच्या अंगणात तो येऊन गेला. खालच्या श्रेणीचा याहून मोठा सन्मान कोणता?

तथापि युरोपातील सर्वच चित्र असे स्वच्छ नाही, हेही नमूद केले पाहिजे. स्पेनच्या बास्केटबॉलमध्ये वरच्या श्रेणीत प्रवेश करावयाचा तर मैदानावरील विजयाखेरीज भारी प्रवेशमूल्य आणि आर्थिक हमी यांची पूर्तता करावी लागे. बुर्गोस शहरातील क्लबाने 2013, 2014 आणि 2015 अशी लागोपाठ तीन वर्षे वर जाण्याचा हक्क खेळून मिळविला आणि तिन्ही वेळा तो दारातून परत गेला. गुणतक्त्यात वाट मोकळी आणि हिशेबाच्या वहीत ती बंद, असा हा प्रकार होता. त्याच स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीने अँडोरासारख्या, लाखाच्या आत वस्ती असलेल्या चिमुकल्या देशाच्या क्लबास मात्र 2014 साली वर नेले, 2022 मध्ये तो खाली आला आणि 2023 मध्ये पुन्हा वर गेला. ज्या देशास स्वतःची साखळी चालविणे शक्य नाही त्यास शेजाऱ्याच्या साखळीची खालची पायरी आधार देऊ शकते, हे यातून दिसते. मोठ्या क्लबांचा कल मात्र दिवसेंदिवस अमेरिकन पद्धतीकडे झुकत आहे. बास्केटबॉलची युरोलीग बड्या क्लबांना दीर्घ मुदतीचे परवाने देते, आणि 2021 च्या एप्रिल महिन्यात बारा बलाढ्य फुटबॉल क्लबांनी स्वतःची बंदिस्त साखळी काढण्याचा घाट घातला होता, तो लोकक्षोभापुढे अवघ्या दोन-तीन दिवसांत कोसळला.

आता आपल्या देशाकडे वळू. खालच्या श्रेणीची सर्वांत जुनी आणि सर्वांत बोधप्रद कहाणी कलकत्त्याची आहे. तेथील फुटबॉल साखळी 1898 पासूनची. परंतु आरंभीची अनेक वर्षे तिची दारे हिंदी संघांना बंद होती. मोहन बागानने 1911 साली गोऱ्या लष्करी संघांना नमवून आय. एफ. ए. शील्ड जिंकल्यावरही साखळीत त्यास प्रथम दुसऱ्याच श्रेणीत घेतले गेले, तेथून तो 1915 मध्ये वर आला, आणि पहिल्या श्रेणीत दोहोंपेक्षा अधिक हिंदी संघ असू नयेत असा दंडक पुढेही चालू राहिला. 1924 मध्ये ईस्ट बंगालने वर येण्यायोग्य कामगिरी केली तेव्हा त्या दंडकावरून वाद माजला, अखेर तो मोडीत निघाला आणि पुढील वर्षी तो क्लब पहिल्या श्रेणीत खेळू लागला. मोहमेडन स्पोर्टिंगने तर 1933 मध्ये दुसरी श्रेणी जिंकून वर पाऊल ठेवले आणि 1934 पासून 1938 पर्यंत ओळीने पाच वर्षे पहिल्या श्रेणीचे अजिंक्यपद आपल्याकडे राखले. तोपर्यंत एकाही हिंदी क्लबास ते एकदाही लाभले नव्हते. वर्णभेदाचा नियम अर्ज-विनंत्यांनी सुटला नाही, तो गुणतक्त्याने निरुत्तर झाला. मैदानावरील गुण हे असे एक प्रमाण आहे की, ते एकदा मान्य केल्यावर राज्यकर्त्यासही त्यापुढे सबब सांगणे अवघड जाते.

क्रिकेटमध्ये या प्रश्नाचा अनुभव महाराष्ट्रास अगदी जवळून आला आहे. रणजी करंडक स्पर्धेत 2002-03 पासून वरची आणि खालची अशी श्रेणीविभागणी झाली. 2010-11 च्या हंगामात खालच्या श्रेणीतून आलेल्या राजस्थानने थेट करंडकच जिंकला, आणि पुढील वर्षी तो राखून आदल्या वर्षीचा विजय हा योगायोग नव्हता हे दाखवून दिले. 2013-14 साली महाराष्ट्राचा संघ ‘क’ गटात होता. त्या गटातून तो उपान्त्यपूर्व फेरीत आला, मुंबईला त्याने मुंबईतच हरविले, पुढे बंगालवर मात केली आणि अंतिम सामन्यापर्यंत धडक मारली. तेथे कर्नाटकापुढे त्याची डाळ शिजली नाही, ही गोष्ट वेगळी. केदार जाधवने त्या एका हंगामात 1,223 धावा काढल्या. खालच्या गटातील धावा या हलक्या धावा असतात असे म्हणणाऱ्या टीकाकारांस, त्याच बॅटने वरच्या गटातील गोलंदाजांपुढे दिलेले उत्तर पुरेसे होते.

आता कोल्हापूर. येथील फुटबॉलचा विचार तालमीवाचून करता येत नाही. शाहू छत्रपतींनी कुस्तीस राजाश्रय दिला, 1902 च्या युरोपप्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून त्या धर्तीवर खासबागेचे मैदान बांधविले आणि 1912 साली ते कुस्तीस खुले झाले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या काळी पेठापेठांतून ज्या तालमी भरभराटीस आल्या त्यांतून पुढे पैलवानांबरोबर फुटबॉलपटूही निपजू लागले, ही कोल्हापूरची विशेष गोष्ट. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ, ही नावे वाचताच ध्यानात येते की, येथे क्लब म्हणजे कोणा धनिकाची मालमत्ता नव्हे, ती एका वस्तीची सामाईक मिळकत आहे. जी तालीम गणेशोत्सव करते, मोहरमचे पंजे बसविते, पुराच्या वेळी माणसे हलविते, तीच फुटबॉलचा संघ उतरविते. आणि म्हणूनच त्या संघाचा जय वा पराजय हा अकरा खेळाडूंचा न राहता सबंध पेठेचा होतो.

या संघांना एका शिस्तीत गुंफण्याचे कार्य 1940 साली, संस्थानी अमदानीत स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने केले, आणि छत्रपती घराण्याचा आश्रय तिला आजवर लाभत आला आहे. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, दरबार गेला, खाती गेली, पण असोसिएशनचा कारभार चालू राहिला. हंगाम पावसाळा सरल्यावर, थंडीच्या सुमारास सुरू होतो. तत्पूर्वी खेळाडूंची नोंदणी होते, कोण कोणत्या तालमीकडून खेळणार याची खलबते पेठांतून रंगतात, आणि शाहू स्टेडियमवर साखळी सामन्यांस आरंभ होतो. वरिष्ठ गटात सोळा संघ असतात आणि त्याखाली वर्णानुक्रमाने उतरत जाणारी गटवारी आहे. साखळी आटोपली की चषकांच्या बाद स्पर्धा सुरू होतात, त्यांत रोख बक्षिसे असतात, आणि वळवाचे ढग जमेपर्यंत मैदान शांत होत नाही.

वरिष्ठ गटातील पाटाकडील विरुद्ध दिलबहार किंवा खंडोबा विरुद्ध शिवाजी अशा लढतींविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. गॅलऱ्या भरून वाहतात, पोलिसांचा बंदोबस्त लागतो, आणि क्वचित प्रसंगी उत्साहाचे पर्यवसान हुल्लडबाजीत होऊन सामना थांबविण्याची वेळही येते. परंतु ही जी ईर्षा दिसते तिचे मूळ खालच्या गटात आहे, हे बहुधा लक्षात घेतले जात नाही. एखाद्या पेठेतील मुलगा गल्लीत चेंडू मारू लागतो तेव्हा त्यास एकदम वरिष्ठ गटातील संघात कोणी घेत नाही. तो शाळेकडून खेळतो, मग खालच्या गटातील एखाद्या लहान मंडळाकडून उतरतो, दोन हंगाम बोडक्या मैदानावर गुडघे फोडून घेतो, आणि त्यानंतर त्याच्याकडे मोठ्या तालमीची नजर जाते. 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा. त्याचे पुढील शिक्षण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाले हे खरे, पण चेंडूची गोडी ज्या हवेत लागते ती हवा येथील पेठांनी आणि त्यांच्या लहानमोठ्या संघांनी निर्माण केलेली आहे. मुलींच्या फुटबॉलनेही येथे मूळ धरले आणि 2019-20 च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये कोल्हापूर सिटी हा संघ देशातील नामांकित संघांच्या पंक्तीस बसला.

कोल्हापूरच्या व्यवस्थेचा खरा गुण मात्र संघ खाली गेल्यावर दिसून येतो. वरिष्ठ गटातून उतरलेली तालीम आपले दार बंद करीत नाही. पेठ जागच्या जागी असते, आखाडा जागच्या जागी असतो, गणपती त्याच चौकात बसतो, वर्गणी देणारी माणसेही तीच असतात. एक-दोन वर्षे टोमणे ऐकावे लागतात, जुने खेळाडू निवृत्त होऊन पोरांना संधी मिळते, आणि संघ पुन्हा उभा राहतो. याच्या उलट उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने 2005-06 साली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि 2010 मध्ये तो संघ विसर्जित झाला. पुणे फुटबॉल क्लब 2007 मध्ये निघाला, आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीतून 2009 मध्ये वर आला, 2012-13 च्या हंगामात त्याने देशात दुसरा क्रमांक पटकाविला आणि पुढे काही वर्षांतच तोही इतिहासजमा झाला. हे दोन्ही संघ उत्तम चालविलेले होते, त्यांच्या खेळाडूंचा वा प्रशिक्षकांचा यात काडीचा दोष नाही. परंतु मालकाने हात आखडता घेतल्यावर त्यांस सावरून धरणारी वस्ती त्यांच्या पाठीशी नव्हती. बास्केटबॉलमध्येही 2015 साली यूबीए या नावाने मालकी हक्काची एक व्यावसायिक स्पर्धा निघाली, तीत ‘पुणे पेशवे’ नावाचा संघही होता. दोन-तीन वर्षांत ती थांबली आणि तिच्यामागे जिल्ह्याजिल्ह्यांत खेळणारी कोणतीही खालची श्रेणी उरली नाही, कारण ती मुळात उभारलीच नव्हती.

राष्ट्रीय फुटबॉलची अलीकडची स्थिती या दृष्टीने विचारणीय आहे. 1996 मध्ये राष्ट्रीय लीग निघाली, लवकरच तिला दुसरी श्रेणी जोडली गेली, 2007 मध्ये तिचे आय-लीगमध्ये रूपांतर झाले, आणि 2014 मध्ये मालकी हक्काच्या तत्त्वावर इंडियन सुपर लीग अवतरली. अखेर 2022-23 च्या हंगामापासून आय-लीगच्या विजेत्यास वर जाण्याचा हक्क देण्यात आला. त्यानुसार प्रथम पंजाबचा आणि पुढील वर्षी मोहमेडन स्पोर्टिंगचा संघ वर गेला. 1933 साली कलकत्त्याच्या दुसऱ्या श्रेणीतून वर आलेला क्लब नव्वद वर्षांनी पुन्हा त्याच वाटेने, यावेळी राष्ट्रीय पातळीवर, वर चढावा हा योग विलक्षण म्हणावा लागेल. परंतु चढण्याची सोय झाली तरी उतरण्याची झाली नाही. 2024-25 च्या हंगामात मोहमेडन तळाला राहिला आणि तरीही तो खाली गेला नाही, कारण खाली जाण्याचा नियमच तोवर अमलात आलेला नव्हता. ज्या साखळीत प्रवेश आहे आणि निर्गमन नाही, तिच्यातील तळाच्या सामन्यांस अर्थ उरत नाही, आणि वर्षानुवर्षे एकेक संघ वाढत जाऊन कधीतरी तिचा फुगवटा होणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

चढउताराच्या नियमावर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप पैशाचा. खाली जाण्याच्या भयाने संघ आपल्या ऐपतीबाहेर खर्च करतात, बाहेरगावचे आणि परदेशचे खेळाडू आणतात आणि घरच्या मुलांना राखीव बाकावर बसवितात. कोल्हापुरातही आफ्रिकेतून आलेले खेळाडू तालमींकडून खेळले आहेत आणि त्यांच्या संख्येविषयी वेळोवेळी चर्चा झडली आहे. आइसलँडसारख्या देशातही अमेरिकन खेळाडू किती असावेत हा वाद जुनाच आहे. दुसरा आक्षेप नीतीचा. हंगामाच्या अखेरीस ज्यास काही मिळवावयाचे उरले नाही असा संघ, गरजू संघास गुण दान करू शकतो, आणि स्टोक-बर्नलीच्या सामन्याची पुनरावृत्ती कोठेही होऊ शकते. तिसरा आक्षेप असा की, वर चढलेला दुर्बल संघ मोठ्या फरकाने हरत राहतो आणि त्यामुळे वरच्या श्रेणीचा दर्जा घसरतो.

या तिन्ही आक्षेपांस उत्तर आहे आणि ते बंदिस्त साखळीत नाही. खर्चास आळा घालावयाचा तर बाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर, विशेषतः खालच्या गटात, स्पष्ट मर्यादा घालता येते. गुणदानास प्रतिबंध करावयाचा तर अखेरच्या फेरीचे सामने एकाच दिवशी, एकाच वेळी ठेवता येतात. दुर्बल संघ वर येऊन हरतो म्हणून दार लावून घेणे हा तर न्यायच उलटा झाला. तिंदास्तोल आणि के. आर. यांची कथा सांगते त्याप्रमाणे आजचा दुर्बल आणि आजचा प्रबळ हे दोन्ही काही काळापुरते असतात. बंदिस्त साखळी या अडचणी सोडवीत नाही, ती त्या दृष्टीआड करते.

एवढा आढावा घेतल्यावर माझा निष्कर्ष असा आहे. खालची श्रेणी टिकते ती वस्तीच्या बळावर, आणि वस्तीचा उत्साह टिकतो तो वर जाण्याची वाट मोकळी आहे या विश्वासावर. आइसलँडच्या बंदरातील तरुण मंडळ आणि कोल्हापूरच्या पेठेतील तालीम यांच्यात भाषा, हवामान आणि खेळ यांचे कितीही अंतर असले तरी दोघांची घडण एकच आहे. मोठ्या शहरांतील मालकी हक्काच्या संघांपाशी जे नाही ते कोल्हापूरपाशी आहे; वाण आहे ती व्यवस्थेची आणि लक्ष देण्याची.

म्हणून जे क्रीडासंस्था चालवितात, फुटबॉलच्या असोत की बास्केटबॉलच्या, त्यांना माझी विनंती अशी आहे. किती संघ चढणार आणि किती उतरणार हे हंगाम सुरू होण्यापूर्वी छापून जाहीर करावे आणि मग कोणाचीही भीड न धरता ते अमलात आणावे. खालच्या गटास चांगल्या मैदानावरचे काही दिवस हक्काने राखून द्यावेत, उरलेसुरले दिवस देऊ नयेत. वरिष्ठ गटाच्या निकालांप्रमाणेच खालच्या गटाच्या निकालांचेही दप्तर जपून ठेवावे, कारण ज्यांची नोंद राहत नाही त्यांचा इतिहास लिहिता येत नाही. बास्केटबॉलच्या संघटकांनी कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतील क्लब आणि महाविद्यालये मिळून दोन श्रेणींची एक साधी साखळी, आठवड्यास एक सामना या मानाने, काढून पाहावी. तिला मोठे भांडवल लागत नाही, नियमितपणा मात्र लागतो. आणि वृत्तपत्रांनी अंतिम सामन्यास दिलेल्या जागेतील चार ओळी खालच्या गटाच्या गुणतक्त्यास द्याव्यात. तेवढे झाले तरी पुष्कळ झाले.